एका रुळाची आगगाडी, घाटातला खेकडा आणि प्लास्टिकचे ठोकळे

वडोदऱ्याजवळच्या डभोई आणि मियागाम या गावांदरम्यान १८६२ मध्ये, खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, जी रेल्वे सुरू झाली ती भारतातील पहिली नॅरोगेज रेल्वे होती आणि तिचे डबे बैल ओढत असत. इंजिनांचा विचार कोणी केला नव्हता असे नाही. १८६३ मध्ये नीलसन कंपनीची इंजिने आणली गेली होती, परंतु यार्डाला १३ पौंड, म्हणजे मीटरला सुमारे साडेसहा किलो वजनाचे ते हलके रूळ इंजिनांचा भार पेलू शकले नाहीत. पुढे १८७३ मध्ये जड रूळ टाकून मार्ग नव्याने बांधला गेला आणि १८८० पासून तेथे इंजिने नियमितपणे धावू लागली. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलो वजनाचे रूळ असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पहिल्या रुळांचा नाजूकपणा कळतो.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी आणि माझा भाचा गेली काही वर्षे लेगोच्या ठोकळ्यांतून आगगाडीची इंजिने बांधत आहोत, आणि त्या निमित्ताने डभोईच्या बैलांची ही हकिकत मला वारंवार आठवते. वाफेच्या वा विजेच्या इंजिनांचे जे चमत्कारिक नमुने जगात झाले, त्यांतले बहुतेक कोणाच्या लहरीतून जन्मलेले नसून रूळ हलका असणे, वळण फार तीव्र असणे, चढ मोठा असणे किंवा ठिणगी उडवायची मुभा नसणे अशा एखाद्या अडचणीतून जन्मले आहेत. ठोकळ्यांतून तेच इंजिन उभे करायला घेतले की त्यांपैकी काही अडचणी टेबलावर जशाच्या तशा उभ्या राहतात, म्हणून नेहमीच्या इंजिनापेक्षा असे दुर्मीळ इंजिन बांधण्यात शिकण्यासारखे अधिक असते.

प्रथम मापांचा हिशेब मांडायला हवा. लेगोच्या ठोकळ्यावरील दोन खुंट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर असते, आणि त्यांच्या रुळांमधील आतले अंतर साधारण साडेसदतीस मिलिमीटर भरते. भारतीय ब्रॉडगेजचे अंतर १,६७६ मिलिमीटर असल्याने, हा रूळ ब्रॉडगेज मानला तर प्रतिकृती मूळ इंजिनाच्या सुमारे ४५ पट लहान होते, आणि लेगोचा चार सेंटिमीटरचा छोटा माणूस त्या प्रमाणात १.८ मीटर उंचीचा ठरतो. हा मेळ फार छान बसतो. मात्र तोच रूळ डभोईचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज मानला, तर प्रमाण जवळजवळ १:२० होते, आणि तोच माणूस ८० सेंटिमीटरचे मूल होऊन बसतो. त्यामुळे कोणत्या रेल्वेचे इंजिन बांधायचे हे ठरवल्यावाचून पहिला ठोकळासुद्धा ठेवता येत नाही.

दुसरा हिशेब वळणाचा आहे. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० खुंट्यांची, म्हणजे ३२ सेंटिमीटर असते. ४५ पटींनी वाढवली तर ती साडेचौदा मीटरच्या आत राहते. भारतीय ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरपेक्षा कमी ठेवत नाहीत, आणि दार्जिलिंगच्या छोट्या रेल्वेवरचे अतितीव्र म्हणून गाजलेले वळणदेखील सुमारे १८ मीटर त्रिज्येचे आहे. म्हणजे जमिनीवर मांडलेला आमचा रूळ दार्जिलिंगच्या घाटाहून अवघड आहे. वजनाच्या बाबतीत मात्र उलटा प्रकार घडतो, कारण लांबी ४५ पटींनी घटली की वजन ४५ चा घन, म्हणजे सुमारे ९१ हजार पटींनी घटते. बंगाल-नागपूर रेल्वेचे गॅरट जातीचे महाकाय इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. सव्वादोनशे टनांहून अधिक असलेले त्याचे वजन या प्रमाणात अडीच किलोंच्या आसपास येते. त्या इंजिनात बॉयलर मधोमध टांगून पुढे-मागे दोन स्वतंत्र चाकसंच दिले आहेत, ते भार अनेक आसांवर वाटण्यासाठी आणि वळणावर अंग मोडता यावे म्हणून. टेबलावर यातले पहिले कारण जाणवत नाही, दुसरे मात्र पहिल्याच वळणावर जाणवते.

मराठी माणसाने बांधायला घ्यावे असे माझ्या मते पहिले इंजिन म्हणजे घाटातला 'खेकडा'. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटातील मालगाड्यांसाठी १९२८ पासून ही ४१ विद्युत इंजिने आणली. १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या या इंजिनांतील एकाला मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव होते, आणि तेही आज दिल्लीच्या संग्रहालयात आहे. मध्यभागी पेटीसारखे अंग, दोन्ही टोकांना पुढे आलेली नाकाडे, चाकांच्या बाजूने फिरणारे दांडे आणि चालताना येणारा कण्हल्यासारखा आवाज यांमुळे रेल्वेतल्या लोकांनी त्याचे नाव खेकडा ठेवले. स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावर १९१९ पासून धावलेल्या याच कुळातल्या इंजिनाला तिकडे मगर म्हणतात. लेगो कंपनीने २०२० मध्ये त्या मगरीचा १,२७१ तुकड्यांचा संच काढला. खेकड्याचा संच कोणी काढलेला नाही, तो आपला आपणच बांधावा लागतो.

विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनासारखे दांडे कशासाठी, हा प्रश्न भाच्याने पहिल्याच दिवशी विचारला होता. त्या काळातल्या शक्तिशाली मोटारी इतक्या मोठ्या होत्या की त्या चाकांच्या मधल्या जागेत मावत नसत. म्हणून त्या वर चौकटीत बसवून, दातेरी चाकांमार्फत एक आडवा दंड फिरवत आणि तिथून दांड्यांनी त्या टोकाखालच्या चाकसंचातील तिन्ही आसांना एकत्र गती देत. आस एकमेकींना अशा जखडलेल्या असल्या की एकटे एखादे चाक चढावर घसरून गरगरत नाही, हा आणखी एक लाभ. लेगोची मोटारही चाकांच्या मानाने अशीच आडमाप असते आणि ती नाकाडातच बसवावी लागते. त्यामुळे १९२० च्या दशकातील अभियंत्यांनी जो मार्ग काढला तोच काही न सांगता आपल्या हातून निघतो, आणि याचे मला अजूनही नवल वाटते.

आमचा पहिला खेकडा मात्र दोन इंच जाऊन अडकत असे. मोटार घुमत राही आणि दांडे थरथरत. एका संध्याकाळी इंजिन उलटे करून एकेक चाक बोटाने फिरवून पाहिले, तेव्हा दोष सापडला : डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे आम्ही एकाच स्थितीत बसवले होते. दांडा आसाच्या अगदी समोरच्या किंवा मागच्या बिंदूवर येतो तेव्हा त्याला चाक ढकलता येत नाही, आणि दोन्ही बाजूंना ती वेळ एकदमच आली की चाक कोणत्या दिशेने फिरावे हे ठरवणारे कोणीच उरत नाही. म्हणूनच खऱ्या इंजिनांत दोन बाजूंच्या दांड्यांत पाव फेऱ्याचा, म्हणजे ९० अंशांचा फरक ठेवतात. एक बाजू अशी निष्प्रभ झाली असता दुसरी पूर्ण जोरात असते. लेगोच्या आसाचा छेद अधिकचिन्हासारखा असल्याने चाक त्यावर ९० अंशांच्या टप्प्यांनीच बसते. कारखान्यात खास यंत्रावर जे माप काटेकोरपणे साधावे लागते ते येथे चाक काढून एक घर फिरवून लावले की साधते. आम्ही ते तसे लावले आणि खेकडा सरळ मार्गावर सुरळीत धावला. वळणावर तो पुन्हा रुळावरून उतरला, तेव्हा प्रत्येक संचातील मधली दोन चाके आम्ही कड नसलेली घातली. लेगोकडे अशी चाके मिळतात, आणि ब्रिटिश रेल्वेच्या दहा जोडचाकांच्या मालवाहू वाफेच्या इंजिनांतही मधली चाके बिनकडेचीच होती.

खेकड्याहून विलक्षण म्हणावे असे इंजिन पतियाळा संस्थानात होते. १९०७ मध्ये तेथे रस्त्याच्या कडेला एकच रूळ टाकून रेल्वे सुरू करण्यात आली. कर्नल बोल्स यांच्या देखरेखीखाली उभारलेल्या या रेल्वेवर आधी खेचरे आणि बैल गाड्या ओढत, पुढे बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून चार वाफेची इंजिने आली. एकामागे एक अशी तीनच चालक चाके, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी कडा, आणि एका अंगाला बाहेर काढलेले, थेट रस्त्यावरून धावणारे मोठे तोलचाक अशी त्यांची ठेवण होती. ही रेल्वे १९२७ मध्ये बंद पडली, तरी त्यांतले एक इंजिन दुरुस्त होऊन दिल्लीच्या संग्रहालयात आले आहे.

"मामा, पण ते दुसऱ्या बाजूला का पडत नाही?" हा भाच्याचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. या पद्धतीत सुमारे ९५ टक्के भार रुळावर आणि उरलेला ५ टक्के तोलचाकावर असे. तरफेच्या नियमाने याचा अर्थ असा होतो की, इंजिनाचा गुरुत्वमध्य रुळाच्या बरोबर वर नसून तोलचाकाच्या अंतराच्या विसाव्या भागाइतका त्या बाजूला सरकलेला असतो. समजा तोलचाक रुळापासून दोन मीटर दूर असेल, तर गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर आत हवा. तो त्या बाजूला आहे तोवर गाडी तोलचाकावर रेलून राहते. तोलचाकावर अधिक भार टाकला तर गाडी जास्त स्थिर होईल, पण मग कच्च्या रस्त्यात चाक रुतेल आणि ओढायला जड जाईल, कारण रस्त्यापेक्षा पोलादी रुळावर चाकाला होणारा विरोध पुष्कळ कमी असतो.

हे मोजून पाहता येते. तोलचाक रुळापासून दहा खुंट्या दूर ठेवा, आणि प्रतिकृतीचे निम्मे वजन बॅटरीच्या पेटीत असेल अशी मांडणी करा. पेटी अगदी रुळावर असताना इंजिन कोणत्याही बाजूला कलू शकते. पेटी तोलचाकाच्या दिशेने एक खुंटी सरकवली की संपूर्ण इंजिनाचा गुरुत्वमध्य अर्धी खुंटी, म्हणजे दहाचा विसावा भाग सरकतो, आणि पतियाळाचे प्रमाण हाती येते. चाके रूळपातळीच्या उंचीवर टेकवून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा फक्त तोलचाकाखाली ठेवला, तर ४०० ग्रॅमच्या इंजिनाचा त्यावरचा भार २० ग्रॅम दिसायला हवा. रूळ म्हणून आम्ही पातळ पट्ट्या उभ्या लावल्या. टायर काढलेल्या चाकाच्या दोन कडांमधली खोबण त्यांवर नीट बसते.

अमेरिकेतील एफ्राइम शे यांचे इंजिन या दोहोंच्या मानाने सोपे आहे. मिशिगनमध्ये लाकडाचा व्यवसाय करणाऱ्या शे यांनी जंगलातील ओबडधोबड, चढउताराच्या रुळांसाठी ते घडवले आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याचे सिलिंडर उभे असून सगळे उजव्या बाजूला असतात, तिथून एक लांब दंड लवचीक सांध्यांतून इंजिनभर जातो आणि दातेरी चाकांनी प्रत्येक आस फिरवतो. एका बाजूचे हे ओझे तोलण्यासाठी बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला असतो, म्हणून समोरून पाहिले तर इंजिन वाकडे बांधल्यासारखे वाटते. तिरपे दातेरी चाक आणि लवचीक सांधा हे दोन्ही भाग लेगोच्या तांत्रिक संचांत मिळत असल्यामुळे खऱ्या इंजिनाची यंत्रणा जशीच्या तशी चालती करता येते.

सध्या आमच्या टेबलावर बिनभट्टीचे इंजिन आहे. सिंद्रीच्या खत कारखान्यात वापरलेले असे एक जर्मन इंजिन दिल्लीच्या संग्रहालयात पाहायला मिळते. ज्या ठिकाणी ठिणगी किंवा जळता निखारा धोक्याचा असतो त्या ठिकाणी अशी इंजिने वापरत. त्यांच्या बॉयलरखाली आग नसते. कारखान्यातल्या स्थिर बॉयलरमधून त्यांच्या टाकीत दाबाखालचे अतितप्त पाणी आणि वाफ भरतात. वाफ वापरली जाऊन दाब उतरला की पाण्याचा उत्कलनबिंदूही उतरतो, त्यामुळे आधीच तापलेले पाणी पुन्हा उकळून आणखी वाफ देते. दाब अगदी मंदावला की इंजिन परत भरायला नेतात. ही उष्णतेची चार्ज होणारी बॅटरीच म्हणायची. इतर सर्व प्रतिकृतींत मोटार आणि बॅटरी कोठे लपवावी याची विवंचना असते. येथे मात्र टाकीच्या पोटात बॅटरी ठेवणे मूळ इंजिनाच्या तत्त्वाशी सुसंगत ठरते, आणि भाच्याने चार्जिंगच्या वायरीसाठी छिद्र ठेवले आहे ते वाफ भरण्याच्या झडपेच्या जागीच.