शेजारच्याचा पगार विचारायचा नाही, हे कधी ठरलं?

मागच्या वर्षी आमच्या खात्यातल्या एकाने पतपेढीतून लोन काढलं, जामीन मी. फॉर्मला दोघांच्या पगाराच्या स्लिपा लागल्या, झेरॉक्सवाल्याने त्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझी नजर गेली ती थेट खालच्या आकड्यावर. शिफ्ट एकच, पॅनल एकच, तो माझ्यानंतर आठ महिन्यांनी लागलेला, आणि पगार माझ्यापेक्षा ४,२०० जास्त. सही केली, त्याने वडापाव खिलवला तोही खाल्ला, पण रात्री काय झोप नाही. कंपनीचं नाव घेत नाही, एमआयडीसीत फिरलात तर घरोघरी मातीच्याच चुली. पण तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय, की पगार ही लपवायची गोष्ट झाली कधी, कारण कोकणात जुन्या धंद्यांत तर कोणाला किती हे सगळ्या गावाला माहीत असायचं.

हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जाऊन बघा. होडी लागली, लिलाव झाला की आधी डिझेल, बर्फ, रेशनचा खर्च वजा, मग होडीचे नि जाळ्याचे वाटे मालकाला, उरेल ते खलाशांत. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, जास्त, नवख्या पोराला कमी. भांडणं होतात, नाही कशाला म्हणा, पण ती वाट्यावरून होतात, वाटा किती हे शोधून काढायला कोणाला जामीन राहावं लागत नाही. आता नेपाळी खलाशी आलेत, ते बऱ्याच ठिकाणी उचल घेऊन ठरावीक महिन्यावर, तिथे मात्र आकडा मालक आणि तो एवढ्या दोघांतच राहतो.

आता मागायची गोष्ट. आपल्याकडे मागायला तोंड उघडत नाही याचं मूळ मला तरी खोतीत दिसतं. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा, त्याच्यापुढे उभं राहायचं ते हात जोडून, हिशेब विचारायला नाही. पण त्याच कोकणात अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ साली शेतकऱ्यांनी आपले पुढारी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांच्या जमिनी कसायच्याच बंद केल्या, जवळपास सहा वर्षं. लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले पण मागे हटले नाहीत. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. म्हणजे एकट्याने मागायला जमत नव्हतं, गावाने मिळून मागायला जमत होतं, आणि मला वाटतं सगळी मेख इथेच आहे.

मग मुंबई. रत्नागिरी जिल्ह्यातून गिरणीत माणसं गेली ती बरीचशी जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने, गाववाला गाववाल्याला आत चिकटवायचा आणि जॉबरचा हात ओला केल्याशिवाय काम टिकायचं नाही. फरक तिथेही होते आणि वाईट होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, कमाई चांगली, पण तिथे दलित कामगाराला घेतच नसत, कारण धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी कांडीची नळी, भरताना धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना विटाळ. त्यामुळे आमच्याच जिल्ह्यातली, एकाच बोटीने गेलेली दोन माणसं, एक साच्यावर आणि एक कमी पगाराच्या रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत, जन्मभर. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला तेव्हा कुठे संपवाल्यांच्या मागण्यांत तो आला, तोही नाखुशीने. गिरणीची आठवण काढून गहिवरणारे आमचे चाकरमानी हे सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तरी दर, महागाईभत्ता, बोनस हे चाळीत तोंडपाठ असायचं. शेजारी राहणारा दुसऱ्या गिरणीत, त्याचा बोनस आपल्यापेक्षा जास्त हे दुसऱ्या दिवशी नळावर कळायचं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले त्यामागे हेही होतं, की इंजिनिअरिंग आणि केमिकल कारखान्यातल्यांचे पगार कुठे गेले आणि आपण कुठे राहिलो. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही, गिरण्याच बंद पडत गेल्या, किती घरं ट्रंका बांधून गावी परतली. माझ्या पिढीने लहानपणी 'मागायला गेले नि होतं तेही घालवून बसले' एवढंच ऐकलं. माझ्या मते आपली अर्धी भीती त्यातली.

सरकारी नोकरांचं बरं, त्यांचं पे स्केल छापील, मास्तरांचा पगार शिपायालाही ठाऊक. १९७७-७८ मध्ये राज्य सरकारी कर्मचारी ५४ दिवस संपावर होते ते केंद्राएवढ्या महागाईभत्त्यासाठी. फरक छापलेला दिसत होता म्हणून तर भांडता आलं.

कायद्याचं बघायला गेलं तर तो आहे, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. समान कामाला समान वेतन हे राज्यघटनेच्या ३९ व्या कलमात आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. १९८२ मध्ये रणधीर सिंग नावाच्या दिल्ली पोलिसातल्या ड्रायव्हरने इतर सरकारी ड्रायव्हरांएवढं वेतन मागितलं तेव्हा सुप्रीम कोर्टाने त्या तत्त्वाला दात दिले, २०१६ मध्ये पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांनाही ते लागू केलं, पण हे सगळं सरकारी नोकरीत. खासगीत १९७६ चा समान वेतन कायदा आला तो बाई-पुरुष फरकासाठी. तोच आता २०१९ च्या वेतन संहितेत गेलाय, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू. तरी काजूच्या कारखान्यात बायका फोडायला नि सोलायला किलोवर, पुरुष भट्टीला रोजावर, आणि कामच वेगळं म्हटलं की विषय संपला. आणि दोन पुरुष एकाच पॅनलवर, एकाला कमी एकाला जास्त, दोघेही खासगी कंपनीचे पर्मनंट? त्याला थेट हात घालणारं या कायद्यात काही नाही. कंत्राटी कामगाराच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत कायम माणसासारखंच काम असेल तर तसाच पगार असं होतं खरं, पण ते सिद्ध करायला कायमवाल्याची स्लिप आणणार कुठून.

म्हणजे युनियन गेली, स्केल गेलं, आला तो सीटीसी, म्हणजे माणूस कंपनीला एकूण कितीला पडतो तो आकडा, आणि ऑफर लेटरमध्ये खाली एक ओळ, पगार गोपनीय ठेवावा. गिरणीत जे हजारो मिळून मागायचे ते आता अप्रेजलला एसीच्या केबिनमध्ये एकट्याने मागायचं, आणि समोरच्याकडे सगळ्यांचे आकडे, आपल्याकडे फक्त आपला.

मी गेलो शेवटी. त्या लोनवाल्या जोडीदाराचं नाव काढलं नाही, त्याची नोकरी कशाला धोक्यात, वर्षभरात किती ब्रेकडाउन रात्री येऊन काढले त्याच्या तारखा वहीत होत्या त्या वाचल्या, आणि बाहेरच्या दोन कंपन्यांत याच कामाला काय देतात ते सांगितलं. साहेब म्हणाले बघू. गणपतीच्या आधी १,८०० वाढले. जोडीदाराला मग सांगून टाकलं की तुझी स्लिप मी बघितली होती, तर मेला म्हणतो कसा, "माका वाटला तुका म्हायत आसा, म्हणान तर तुका जामीन घेतलंय, तुजो पगार कमी म्हणान पतपेढीवालो आदी नाय म्हणी होतो."