चाक इजिप्तचं नव्हे

कुंभाराचं चाक इजिप्तनेच शोधलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. मेसोपोटेमियात चाक आधीपासून होतं. इजिप्तमध्ये ते इ.स.पू. २५०० च्या आसपास दिसू लागतं. साक्कारा या तिथल्या प्राचीन दफनभूमीत ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात भिंतीवर कुंभार आहे: एका हाताने चाक फिरवतोय, दुसऱ्याने भांडं घडवतोय. पायाने फिरवायचं चाक तिथे फार उशिरा आलं. माणसाला चाकावर घडवणाऱ्या इजिप्तच्या ख्नूम देवामुळे हा समज पक्का झाला असावा.

आणि इजिप्तमधल्या प्राचीन बदारी संस्कृतीची, चाकाआधीची भांडी बघाच! इ.स.पू. ४००० च्याही आधीची, वर काठाशी काळी, खाली लाल, घोटून चकचकीत केलेली, भिंत इतकी पातळ की विश्वास बसत नाही. सगळी निव्वळ हाताने केलेली.