ओबीएस स्टुडिओमधली काळी स्क्रीन आणि गायब आवाज

कॉम्प्युटरवरून लाइव्ह जाताना बघणाऱ्यांना स्क्रीनच्या जागी काळा चौकोन दिसणं, किंवा चित्र एकदम छान पण आवाजच नाही, किंवा आवाज आहे पण दोनदा येतोय, फाटतोय, ओठांच्या मागेपुढे होतोय, अशा सगळ्या अडचणी आणि त्या नेमक्या कुठून येतात हे शोधायची पद्धत या नोंदीत दिली आहे. इथे ओबीएस स्टुडिओ हेच सॉफ्टवेअर धरलंय कारण ते फुकट आणि ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि गाण्याच्या क्लासपासून व्याख्यानमालेपर्यंत आपल्याकडेही बरेच जण तेच वापरतात. ह्यू 'जिम' बेली यांनी ते २०१२ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणलं, नंतर सगळा कोड नव्याने लिहिला गेला आणि त्याचं ओबीएस स्टुडिओ झालं.

एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवा, ओबीएस स्वतः चित्र किंवा आवाज तयार करत नाही. चित्र ते ग्राफिक्स कार्डाकडून घेतं, आवाज ऑपरेटिंग सिस्टिमच्या साउंड डिव्हाइसकडून घेतं, आणि हे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत. म्हणून चित्र दिसतंय म्हणजे आवाजही जात असेल असं धरून चालू नका. आणि काही बिघडलं की घाबरून एकदम दहा सेटिंग बदलू नका, एक बदला, बघा, मग पुढचं. दहा बदलल्यावर चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या कार्यक्रमाला परत तीच धावपळ.

काळी स्क्रीन

सगळ्यात आधी साधं बघा, सोर्सेसच्या (सोर्स म्हणजे ओबीएसमध्ये घेतलेली एकेक गोष्ट, स्क्रीन, विंडो, कॅमेरा किंवा माइक) यादीत डोळ्याचं चिन्ह बंद नाही ना आणि वर दुसरा कुठला सोर्स त्याला झाकत नाही ना.

ते ठीक असेल आणि लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, म्हणजे प्रोसेसरमधलं एक आणि एनव्हिडिया किंवा एएमडीचं वेगळं एक, तर बहुतेक वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो. लॅपटॉपचा पडदा सहसा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, ओबीएस मात्र दुसऱ्या कार्डावर चालू होतं, मग पडद्यावर काय चाललंय ते त्याला मिळतच नाही आणि डिस्प्ले कॅप्चर, म्हणजे अख्खा पडदा उचलणारा सोर्स, काळं राहतं. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधे सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स इथे जाऊन ओबीएसला पॉवर सेव्हिंग द्यायचं आणि ओबीएस बंद करून परत उघडायचं. गेम कॅप्चरला बरोबर उलटं लागतं, गेम मोठ्या कार्डावर चालतो म्हणून ओबीएसलाही हाय परफॉर्मन्स द्यावं लागतं. म्हणजे आज पीपीटी दाखवायची आणि उद्या गेम खेळायचा तर तेच सेटिंग दोनदा फिरवावं लागू शकतं. त्याऐवजी सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये कॅप्चर मेथडला विंडोज ग्राफिक्स कॅप्चर निवडून बघा, विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ते आहे, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

विंडो कॅप्चरमध्ये, म्हणजे एकाच ॲपची खिडकी उचलताना, फक्त क्रोम किंवा एखादं ॲप काळं येत असेल तर जुनी बिटब्लिट मेथड निवडलेली असते, ब्राउझर हार्डवेअर ॲक्सिलरेशन वापरतो, म्हणजे चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देतो, आणि त्या मेथडला ते चित्र दिसत नाही. इथेही विंडोज ग्राफिक्स कॅप्चर निवडा. आणि विंडो मिनिमाइझ करू नका, मागे ठेवलेली चालते, मिनिमाइझ केलेली नाही.

नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी व्हिडिओचा भाग काळा येतो तो बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून ते संरक्षण मुद्दाम घातलेलं असतं. त्यावर तास घालवू नका, आणि तसंही दुसऱ्याचा सिनेमा आपल्या लाइव्हमध्ये दाखवणं बरोबर नाही.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून स्क्रीन रेकॉर्डिंगची वेगळी परवानगी लागते. ती दिली नसेल तर गंमत अशी दिसते की नुसता वॉलपेपर येतो आणि एकही विंडो दिसत नाही. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये ओबीएसपुढे टिक करायची आणि ॲप पूर्ण बंद करून उघडायचं. लिनक्सवर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था, जुनी ती एक्स११) असेल तर जुना एक्स११ वाला कॅप्चर काळाच राहणार, २०२१ च्या आवृत्ती २७ पासून पाइपवायरचा सोर्स आहे तो घ्या.

आवाज

खरं सांगायचं तर चित्रापेक्षा आवाजाला जास्त जपायला हवं, धूसर चित्र लोक सहन करतात पण शब्द कळत नसले की माणसं दोन मिनिटांत निघून जातात.

तपासणी ओबीएसच्या ऑडिओ मिक्सरमधल्या पट्टीपासून सुरू करा. माइकमध्ये बोलताना पट्टी हलतच नसेल तर गडबड ओबीएसच्या आधी आहे, वायर, डिव्हाइस किंवा विंडोजची माइकची परवानगी. पट्टी हलतेय पण लोकांना ऐकू येत नाही तर गडबड पुढे आहे, आणि मग ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज उघडून बघा, तिथे मॉनिटर ओन्ली निवडलं गेलं असेल तर आवाज फक्त तुमच्या हेडफोनमध्ये येतो, बाहेर जात नाही. किंवा ट्रॅक १ ची, म्हणजे सहसा लाइव्हला जाणाऱ्या ट्रॅकची, टिक निघालेली असते. या एका प्रश्नावर, पट्टी हलते का नाही, निम्मा शोध संपतो.

डिफॉल्ट या शब्दावर विसंबू नका. सभागृहात प्रोजेक्टरची एचडीएमआय वायर लावली की विंडोज बऱ्याचदा आवाज तिकडेच पाठवायला लागतं आणि डिफॉल्ट बदलतं, मग सकाळी चाललेलं संध्याकाळी बंद. ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिव्हाइस नावाने निवडून ठेवा.

बोलताना पट्टी पिवळ्यात खेळायला हवी, म्हणजे साधारण उणे २० ते उणे ९ डेसिबल. सतत लाल झाली की आवाज फाटणार. आणि मंडपातल्या किंवा हॉलच्या मिक्सरमधून लाइन आउट, म्हणजे बाहेर जाणारा तयार आवाज, घेऊन ती सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली तर तो सिग्नल माइकपेक्षा कितीतरी जोरकस असल्यामुळे आधीच फाटलेला आत येतो, मग ओबीएसमध्ये तो कमी करून काही उपयोग नाही, फाटलेलाच हळू ऐकू येतो. साउंडवाल्या दादांना तिथेच लेव्हल खाली घ्यायला सांगा किंवा यूएसबी ऑडिओ इंटरफेस वापरा. सतत घुमणारी घूं येत असेल तर क्षणभर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, घूं गेली तर ते अर्थिंगमधून येतंय, आपल्या विजेची ५० हर्ट्झची, आणि त्याला ग्राउंड लूप आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स (वायरीत मध्ये लावायच्या, अर्थिंगचा दुवा तोडणाऱ्या डब्या) हा उपाय. इंटरफेसला एकच माइक लावल्यावर आवाज फक्त डाव्या कानात येतो, तिथे मोनोची टिक करा.

आवाज दोनदा येत असेल तर मध्ये किती वेळ जातो त्यावरून कारण ओळखता येतं. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा पोकळ येत असेल तर तोच माइक दोनदा घेतलाय, एकदा सेटिंगमध्ये आणि एकदा सीनमध्ये (सीन म्हणजे सोर्सेसची एक मांडणी), त्यातला एक काढा. थोडा मागून घुमत असेल तर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतोय, हेडफोन घाला. आणि चांगले पाच दहा सेकंदांनी आपलंच बोलणं परत ऐकू येत असेल तर त्याच कॉम्प्युटरवर स्वतःचं लाइव्ह दुसऱ्या टॅबमध्ये उघडं आहे. विंडोजवर २०२२ च्या आवृत्ती २८ पासून एकाच ॲपचा आवाज घेता येतो, व्हॉट्सॲपची टिंग लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून फार कामाचं आहे, पण ते घेतलं की डेस्कटॉप ऑडिओ म्यूट करा नाहीतर तिथेही डबल होणार. मॅकवर कॉम्प्युटरच्या आतला आवाज घ्यायला पूर्वी ब्लॅकहोलसारखं वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं, व्हेंचुरा म्हणजे मॅकओएस १३ पासून स्क्रीन कॅप्चरबरोबरच तो येतो.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा, एकदा सुरुवातीला आणि एकदा अर्ध्या तासाने. फरक दोन्ही वेळा सारखाच असेल तर सोपं आहे, कॅमेरा किंवा कॅप्चर कार्डामुळे चित्र उशिरा येतंय, सिंक ऑफसेटमध्ये तेवढे मिलिसेकंद टाकून आवाज मागे ओढायचा. फरक वाढत गेला असेल तर ऑफसेटने काही होणार नाही, तिथे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) विंडोजमध्ये ४४.१ आणि ओबीएसमध्ये ४८ किलोहर्ट्झ असं काही आहे का ते आधी बघा आणि सगळीकडे एकच ठेवा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की बऱ्याच हेडसेटचा आवाज फोनवरच्या कॉलसारखा होतो, कारण तो कॉलच्या मोडमध्ये जातो. वायरचा माइक घ्या.

आता गाणाऱ्या वाजवणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. ओबीएसमध्ये नॉइज सप्रेशनचा आरएनएनॉइज नावाचा फिल्टर आहे, तो माणसाचं बोलणं ओळखून बाकीचं दाबायला शिकवलेला आहे, आणि त्याच्या दृष्टीने तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर. सतत चालणारा षड्ज तो बिनदिक्कत पुसून टाकतो, पेटीचा धरून ठेवलेला सूर मध्येच बुडतो. नॉइज गेट, म्हणजे ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर, लावलं तर मींड हळू होत विरते ना, ते विरणंच कापलं जातं. बोलण्यासाठी चांगली असलेली ही दोन्ही फिल्टर मैफलीला पूर्ण काढून टाका, खोलीतला पंखा बंद करा, माइक जवळ घ्या. पुण्यात बसून परदेशातल्या मुलांना झूमवर शिकवणाऱ्या ताई-गुरुजींनाही हेच लागू, तिथे ओरिजिनल साउंड नावाचं बटण आहे ते चालू केल्याशिवाय तानपुरा पोचत नाही, आणि समोरचं मूल आधाराशिवाय गातंय हे शिकवणाऱ्याला कळतही नाही.

लाइव्ह जायच्या आधी

एक मिनिट नुसतं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. रेकॉर्डिंग चांगलं आणि लाइव्ह तुटक असेल तर स्टॅट्सची खिडकी उघडा, ड्रॉप्ड फ्रेम्स (वाटेत गळलेली चित्रं) वाढत असतील तर नेट कमी पडतंय, बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, उतरवा, आणि एन्कोडिंगमुळे (चित्र दाबून लहान करण्याच्या कामामुळे) फ्रेम्स सुटत असतील तर कॉम्प्युटर थकलाय, रिझोल्यूशन उतरवा. रेकॉर्डिंगच खराब असेल तर नेटला हात लावू नका. मग यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यांना दिसणारं, लाइव्ह करून घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीत मोबाइल डेटावर ऐकायला बसवा. नवीन चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला यूट्यूब २४ तासांपर्यंत वेळ घेतं, तेव्हा ही तालीम आदल्या दिवशी नाही तर दोन दिवस आधी ठेवा. तरीही जमलं नाही तर हेल्प मेन्यूत लॉग फाइल मिळते, त्यात कोणतं ग्राफिक्स वापरलं गेलं, कोणता माइक उघडला नाही हे सगळं लिहिलेलं असतं, मदत मागताना नुसतं 'चालत नाही' लिहिण्याऐवजी ती फाइल द्या.