मॅचला कॅमेरा नेता येतो का? तिकीटवाले, पासवाले आणि कागदपत्रं

गेटवर झडती घेणाऱ्याने माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, लेन्सकडे पाहिलं आणि बाजूच्या टेबलाकडे बोट केलं. टेबलावर पॉवर बँका, सेल्फी स्टिक, परफ्युमच्या बाटल्या आणि चिल्लरीचा ढीग. 'इथे ठेवा, नाहीतर परत न्या.' परत मिळायची चिठ्ठी? ती मिळत नाही. कॅमेरा घरी पोचवून परत येईपर्यंत पहिली अकरा षटकं संपली होती. चूक माझीच. तिकिटाच्या अटी मी वाचल्याच नव्हत्या.

आयपीएल असो की भारताचा आंतरराष्ट्रीय सामना, प्रेक्षकाला मोबाइल चालतो. लेन्स बदलता येणारा कॅमेरा, व्हिडिओ कॅमेरा, ट्रायपॉड, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) यांना साधारणपणे मनाई असते. वानखेडेवर किंवा पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमला जाताना बॅगच न नेलेली बरी. नेमकी यादी तिकीट विकणाऱ्या साइटवर अटींमध्ये असते आणि सामन्यागणिक थोडी बदलते, म्हणून पैसे भरण्याआधी ती उघडून 'कॅमेरा' शब्द शोधा. कुणी सांगेल, 'ओळखीने कॅमेऱ्याचं परवानगीपत्र काढून देतो'. त्याच्या नादी लागू नका. प्रेक्षकाच्या तिकिटावर जोडून मिळणारा कॅमेऱ्याचा पास असा प्रकार नसतो, आणि गेटवरचा माणूस तुमचं पत्र वाचत बसत नाही.

एवढी कडक बंदी कशासाठी? सुरक्षा हे एक कारण, पण मोठं कारण हक्कांचं आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएल प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढे पैसे मोजणाऱ्याला गॅलरीतून कुणी सामना लाइव्ह दाखवलेला परवडणार नाही. म्हणूनच मोबाइल आत नेता आला तरी त्यावरून सामन्याचं थेट प्रक्षेपण करायला बंदी असते. फोटोचा मुद्दा जरा वेगळा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही काढलेल्या फोटोचे मालक सहसा तुम्हीच, पण तिकीट घेताना तुम्ही अटी मान्य केलेल्या असतात आणि तो फोटो विकणं बहुधा त्याच अटींत अडकतं.

सगळीकडे असंच असतं असं नाही. विम्बल्डनला प्रेक्षक कॅमेरा नेऊ शकतो, फक्त लेन्स ३०० मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि ट्रायपॉड नाही. लंडनला असलेल्या आपल्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता दुसरा रस्ता, म्हणजे अक्रेडिटेशन, आयोजकांनी पत्रकार-छायाचित्रकारांना दिलेला अधिकृत पास. हे व्यक्तीच्या हौसेवर मिळत नाही, संस्थेच्या कामावर मिळतं. वृत्तपत्र, वृत्तसंस्था किंवा मासिकाने तुम्हाला त्या सामन्यासाठी नेमलेलं असावं लागतं. फ्रीलान्सर असाल तर ज्यांच्यासाठी फोटो काढणार त्यांचं पत्र हवं. नुसतं इन्स्टाग्राम पेज दाखवून सहसा काम होत नाही. भारतातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी अर्ज बीसीसीआयकडे जातो, विश्वचषकासारख्या स्पर्धेसाठी आयसीसीकडे. अर्ज ऑनलाइन असतो आणि मुदत मालिका सुरू होण्याच्या बरीच आधी संपते. सामन्याच्या आठवड्यात जाग आली तर उपयोग नाही.

जवळ तयार ठेवा: संपादकांच्या सहीचं लेटरहेडवरचं पत्र, आधार किंवा पासपोर्ट, ऑफिसचं ओळखपत्र, साध्या पार्श्वभूमीवरचा फोटो आणि छापून आलेल्या कामाचे चार-पाच नमुने. पत्रात तुमचं काम 'छायाचित्रकार' असंच लिहून घ्या. वार्ताहर आणि छायाचित्रकार हे वेगळे वर्ग आहेत. वार्ताहराचं कार्ड प्रेस बॉक्समधली खुर्ची देतं, सीमारेषेजवळची जागा नाही. नावाचं स्पेलिंग आधारवर जे आहे तेच फॉर्मवर टाका. 'दिपक'चा 'दीपक' झाला की काउंटरवर हुज्जत ठरलेली.

एक गैरसमज जिल्ह्यांतल्या पत्रकारांमध्ये फार आहे. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र, खिशात असली म्हणजे स्टेडियममध्ये प्रवेश पक्का, असं नाही. पुरावा म्हणून ती जोडा, पण अर्ज वेगळा करावाच लागतो. आणि पास देणं-न देणं आयोजकांच्या हातात असतं. २०१२मध्ये इंग्लंडचा संघ भारत दौऱ्यावर आला तेव्हा बीसीसीआयने गेटी इमेजेससारख्या मोठ्या फोटो एजन्सीला अक्रेडिटेशन नाकारलं होतं. त्याच्या निषेधार्थ रॉयटर्स, एएफपी, एपी या वृत्तसंस्थांनीही फोटो पाठवणं थांबवलं.

अर्ज मंजूर झाला की कार्ड घ्यायला मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः जा. छायाचित्रकाराला बहुधा नंबर असलेलं जॅकेटही मिळतं. बसायचं जाहिरातींच्या फळ्यांमागे, फ्लॅश वापरायचा नाही आणि साइटस्क्रीनच्या (फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून सीमारेषेबाहेर लावलेल्या पडद्याच्या) पुढ्यातून तर अजिबात फिरायचं नाही.

चुकून कॅमेरा सोबत आलाच असेल आणि तुम्ही वानखेडेवर असाल, तर सीएसएमटीच्या क्लोकरूमचा विचार करता येतो. मात्र तिथे कुलूपबंद बॅगच घेतात आणि प्रवासाचं तिकीट मागतात. कुलूप नसलेली कॅमेऱ्याची पाठपिशवी चालत नाही. गहुंजे एक्स्प्रेसवेच्या कडेला असल्याने तिथे कॅमेरा ठेवायला गाडीशिवाय पर्याय नाही, आणि उन्हात बंद गाडीत कॅमेरा ठेवायला मी तरी सांगणार नाही.

नमुन्यांसाठी आधी छापून आलेलं काम कुठून आणायचं, हा नवख्यांचा प्रश्न असतो. मुंबईत आझाद मैदानावर जा. शाळांची हॅरिस शील्ड, क्लबांची कांगा लीग यांचे सामने तिथे होतात, तिकीट नाही, झडती नाही. बॅट्समन आणि पंचांना अडथळा होणार नाही अशी जागा धरा, शाळकरी मुलांचे फोटो छापायचे तर त्यांच्या सरांना आधी विचारा, आणि त्याच संध्याकाळी दोन चांगले फोटो नाव-तारीख लिहून स्थानिक पेपरच्या क्रीडा विभागाला पाठवा.