ओढ्याला त्याची जागा परत दिली तर काय होतं?

मे महिना आला की मुंबईत नालेसफाई सुरू होते, किती टन गाळ काढला याच्या बातम्या येतात, पण मला विचाराल तर गाळापेक्षा मोठा प्रश्न पाण्याच्या वेगाचा आहे.

नेदरलँड्सने विसाव्या शतकात शेतीसाठी बरेचसे ओढे सरळ आणि खोल करून टाकले, हेतू एवढाच की पाणी लवकरात लवकर निघून जावं. ते गेलंही, पण खोल पात्राने आजूबाजूच्या जमिनीतलं पाणीसुद्धा ओढून घेतलं, म्हणून २०१८ सारखा कोरडा उन्हाळा आला की तिथल्या शेतांना चटका बसतो. आता तेच लोक ओढ्यांना जुनी वळणं परत देतायत, वाळू टाकून तळ वर उचलतायत, पडलेली झाडं मुद्दाम पात्रातच ठेवतायत आणि काठची कुरणं पुरासाठी मोकळी सोडतायत. यामागचं गणित सोपं आहे, वरच्या आणि खालच्या टोकाच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो पण वळणांमुळे वाट लांबते, म्हणजे उतार कमी होतो, पाणी रेंगाळतं, जमिनीत मुरतं आणि पावसाळ्यानंतर हळूहळू पात्रात परत झिरपतं.

मुंबईत हे जास्तच महत्त्वाचं आहे, कारण आपला डोंगर समुद्राच्या अगदी जवळ. दहिसर आणि पोयसर नदी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात उगम पावतात, ओशिवरा आरे कॉलनीत, आणि मिठी विहार-पवई तलावांच्या ओव्हरफ्लोतून निघून साधारण १८ किलोमीटरमध्ये माहीमच्या खाडीला मिळते. पार्काच्या आत दहिसर नदीला खडक आहेत, डोह आहेत, झाडं आहेत, बाहेर आली की दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती, पाणी सुसाट खाली. आणि खाली तेव्हा भरती असेल तर ते जाणार कुठे? शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली, तेही ओहोटी असताना. भरती उतरायला साधारण सहा तास लागतात, म्हणून वरच्या भागात पाणी दोन-तीन तास जरी अडून राहिलं तरी खालच्या वस्तीला खूप फरक पडतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, एवढं कुठलंच खोरं पिऊ शकत नाही, त्यात आपल्याकडे डोंगरउतारावर काळ्या खडकावर मातीचा थर पातळ, हे मान्य. पण दरवर्षी गुडघाभर पाणी तुंबवणारा जो नेहमीचा मुसळधार पाऊस आहे, त्याला ही पद्धत नक्की उपयोगी पडेल.

अडचण जागेची आहे, काठाला माणसं राहतात, त्यांना जवळच चांगली घरं न देता नदी रुंद करायची भाषा करणं मला अजिबात पटत नाही. सुरुवात आरेतल्या ओहोळांपासून आणि पार्काच्या वेशीवरच्या मोकळ्या पट्ट्यांपासून करता येईल, तिथे अजून माती आहे, फक्त त्याआधी नदीत सोडलेलं सांडपाणी वेगळ्या पाइपलाइनमध्ये वळवायला हवं, नाहीतर आपण तेच घाण पाणी जमिनीत मुरवत बसू.