ठिणगीसाहाय्यित प्रज्वलन (जैवडिझेल इंजिनांतील)

ठिणगीसाहाय्यित प्रज्वलन : डिझेल इंजिनात दाबाने तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेटते. या पेटण्याला विद्युत् ठिणगीची जोड देण्याची ही पद्धत. जैवडिझेलाच्या (वनस्पतिज तेलांपासून बनवलेल्या डिझेलसारख्या इंधनाच्या) बाबतीत तिचा विचार मुख्यतः कमी संपीडन गुणोत्तराच्या (सिलिंडरात हवा कमी पट दाबणाऱ्या) इंजिनांसाठी आणि थंड इंजिन सुरू करण्यासाठी होतो.

उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक ही परंपरा हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्यूअर्ट यांच्या तप्तगोल इंजिनापर्यंत (पेटंट १८९०) मागे नेतात. तेथे मात्र इंधन तापलेल्या धातूमुळे पेटे, ठिणगीने नव्हे. त्यामुळे स्वीडिश अभियंते योनास हेसेलमन यांच्या १९२५ च्या सुमाराच्या इंजिनाला पहिला मान देणे अधिक सयुक्तिक ठरते. त्यात संपीडन कमी असे, जड तेल थेट सिलिंडरात फवारले जाई आणि ते ठिणगीने पेटे. सुरुवात बहुधा पेट्रोलवर करावी लागे. कमी भारावर धूर होई, ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर काजळी धरे. वनस्पतिज तेलाचा इतिहास वेगळा आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चाललेले इंजिन रूडॉल्फ डिझेल यांनी स्वतः मांडले, असे पुष्कळदा छापले जाते. त्यांच्याच नंतरच्या लेखनानुसार ते ऑटो कंपनीने चालवून दाखवले होते. ते डिझेल इंजिनच होते. ठिणगीचा तेथे संबंध नव्हता.

इंधन किती सहज पेटते हे सिटेन अंकावरून ठरते. आयएस १५६०७ या भारतीय मानकानुसार जैवडिझेलाचा हा अंक किमान ५१ हवा. इथेनॉलचा तो सुमारे ८ असल्याने त्याला ठिणगी किंवा अन्य साहाय्य लागते. प्रमाणित जैवडिझेलाला सहसा लागत नाही. शिवाय ठिणगीच्या क्षणी प्लगच्या फटीपाशी ज्वलनशील मिश्रण असावे लागते, आणि डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सर्वत्र सारखा पसरत नाही. थेंब फटीत बसले तर प्लग भिजतो, फवारा दूर राहिला तर ठिणगी वाया जाते. दाब जितका जास्त, तितका ठिणगी पडायला लागणारा विद्युत्‌दाबही वाढतो. बंदरावरच्या गॅरेजात ज्याला हीटर प्लग म्हणतात तो ठिणगी देत नाही. तो तापून लाल होतो, एवढेच.

कोकण किनाऱ्यावर या चर्चेला उंडी आणि करंज या तेलबिया देणाऱ्या झाडांमुळे आधार मिळतो. उंडीचे तेल पूर्वी दिव्यांसाठी आणि होड्यांना लावण्यासाठी वापरत. हिरवट, दाट अशा या तेलात मुक्त मेदाम्ले जास्त असल्याने आधी आम्लप्रक्रिया, मग मिथेनॉलशी अभिक्रिया करावी लागते. कच्चे तेल थेट टाकीत ओतले तर श्यानतेमुळे (दाटपणामुळे) फवारा जाड पडतो, नोझलवर कोळसा साचतो. ठिणगीने हा दोष जात नाही. उपाय आहे तो इंधनाच्या शुद्धीकरणात.

किनाऱ्यावरची हवा थंडीतही उबदार असल्याने थंड सुरुवातीची अडचण येथे गौण आहे. खरी अडचण दमटपणाची. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत लाँच उभ्या राहतात. टाकीतले जैवडिझेल हवेतील ओल धरते, त्याचे ऑक्सिडीकरण होऊन चिकट गाळ तयार होतो, आणि हंगाम सुरू करताना फिल्टर तुंबून पंप-नोझल अडकतात. म्हणून बंदीआधी टाकी रिकामी करणे किंवा शेवटचे काही तास इंजिन साध्या डिझेलवर चालवणे हितावह असते.