सोलां सुकताना पाठ झालेला शब्द

माझी भाची दहावीला आहे. मे महिन्यात आमच्याकडे फोंड्याला आली तेव्हा "श्रिव्हल" हा इंग्रजी शब्द तिने वहीत वीस वेळा लिहिला, अर्थ सुकून आकसणं, सुरकुतणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं तर काहीच आठवेना. रडवेली झाली पोर. पण यात तिचा काही दोष नाही, मेंदू चालतोच असा. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बिनअर्थाचे शब्द स्वतः पाठ करून बघितले, तेच परत पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. एका दिवसानंतर ही बचत एक तृतीयांशाच्या आसपासच उरायची, आणि सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांतच.

आई तेव्हा गच्चीवर भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सोलां (आमसुलं) घालत होती. भाचीच्या हातात एक साल दिली, म्हटलं बघ, काल ही कशी टम्म होती, आज कडा आत वळल्यात आणि सुरकुत्या पडल्यात, हे श्रिव्हल. धुतल्यावर टीशर्ट आखडतो ते नुसतं श्रिंक, श्रिव्हलमध्ये बहुतेक वेळा आतलं पाणी गेलेलं असतं. तर ती म्हणाली, शिवल्यांसारखं! आईचं माहेर मालवणकडचं, त्यामुळे तिसऱ्यांना, म्हणजे खायच्या शिंपल्यांना, आमच्या घरात शिवल्या म्हणतात, आणि शिजल्यावर आतलं मांस एवढंसं होतं. उच्चारही जुळला, चित्रही मिळालं. अमेरिकेत अ‍ॅटकिन्सन आणि रॉ यांनी १९७५ मध्ये १२० रशियन शब्द असेच ओळखीच्या आवाजाला आणि चित्राला जोडून शिकवले, त्या मुलांना परीक्षेत ७२ टक्के आठवले, बाकीच्यांना ४६.

सोलां काही एकदा सुकवून होत नाहीत, रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, असं काही दिवस चालतं. आई रस घालायला वर गेली की मी भाचीला शब्द विचारायचे, वही न दाखवता. नुसतं परत वाचण्यापेक्षा डोक्याला ताण देऊन आठवलेलं जास्त दिवस टिकतं, आणि मध्ये अंतर असेल तर अजूनच, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

जूनमध्ये तिचा फोन आला, पावसात भिजून बोटं सुरकुतली ती पण श्रिव्हल का गं? म्हटलं हो, इंग्रजीत तसं म्हणतात, पण तिथे कातडी सुकत नाही, नसांच्या इशाऱ्याने आतल्या रक्तवाहिन्या आकसतात.